उधारीचा ढेकर

शुद्धीवर आले तेव्हा पोट फारसं दुखत नव्हतं, उजवा खांदा मात्र ठणकत होता. म्हटलं, टेबलावरून उचलताना कुठेतरी आपटलं असणार. ११२ किलोची बाई इकडून तिकडे करायची म्हणजे एखादा कोपरा लागायचाच. सिस्टर हसायला लागल्या. "ताई, गॅस आहे तो. उठा, चार फेऱ्या मारा, जाईल."

खांद्यात गॅस? दुसऱ्या दिवशी राउंडला आलेल्या डॉक्टरांनी समजावलं. दुर्बिणीतून ऑपरेशन करायचं तर हत्यारं फिरवायला आत जागा लागते, म्हणून आधी पोट गॅस भरून तंबूसारखं फुगवतात. काम झालं की गॅस सोडून देतात, पण थोडा मागे राहतो आणि वर श्वासपटलाला, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्याला, त्रास देत बसतो. श्वासपटलाच्या आणि खांद्याच्या नसा मानेत एकाच ठिकाणाहून निघतात, त्यामुळे मेंदूची गफलत होते. तक्रार पोटाची, सही खांद्याची.

"कुठला गॅस भरता?"

"कार्बन डायऑक्साइड."

"म्हणजे सोड्यातला."

"तोच."

"आणि मला बजावलंत, आता सोड्याला हात लावायचा नाही म्हणून!"

डॉक्टर हसले. मलाही हसू आलं, पण टाके ओढले गेले आणि मी अर्ध्यातच आवरलं. ही गोष्ट जुलै २०२२ मधली. आदल्या दिवशी माझ्या जठराचा पाऊणपेक्षा जास्त भाग कापून काढला होता आणि उरली होती केळ्याएवढी एक नळी. तिच्यात शंभर-दीडशे मिली मावतं, म्हणजे आपला चहाचा एक कप. वजन उतरवायच्या या ऑपरेशनला स्लीव्ह म्हणतात. स्लीव्ह म्हणजे बाही, आणि ब्लाउजच्या बाह्या शिवून घेण्यात जिची हयात गेली त्या आमच्या आईला हा शब्द लगेच कळला. "म्हणजे घोळ काढून टाकला," ती म्हणाली. मी आजवर ऐकलेलं या ऑपरेशनचं सगळ्यात चांगलं वर्णन हेच.

माझा आणि सोड्याचा संबंध वडिलोपार्जित आहे. सोलापूरला आमच्याकडे रविवारी मटण असायचं. अण्णा गिरणीत होते, आठवड्याची एकच सुट्टी, त्यामुळे त्या जेवणाला सणाची कळा. कडक भाकरी रश्श्यात चुरून, वर शेंगाचटणी, आणि जेवण उरकलं की अण्णा पायजम्याची नाडी सैल करत मला म्हणायचे, "चल गं, सोडा मारून येऊ." कोपऱ्यावर गाडी होती. लाकडी खणांत हिरवट काचेच्या बाटल्या उभ्या, गळ्यात प्रत्येकीच्या एक गोटी. आतला गॅस गोटीला खालून वर रेटतो आणि ती तोंडातल्या रबरी कड्यावर घट्ट बसते; बूच नाही, झाकण नाही. हायरम कॉड नावाच्या इंग्रजाने १८७२ च्या सुमारास काढलेली ही युक्ती, हे मला फार पुढे कळलं. तेव्हा वाटायचं, सोडेवाल्या मामांनीच शोधून काढली असणार. ते बाटली मांडीला टेकवायचे, लाकडी खुंटी तोंडावर ठेवून तळहाताने एक दणका. फट्ट! मग फस्स करून पांढरी वाफ. बाटलीच्या गळ्याला दोन खळगे असतात. ओतताना ते खालच्या अंगाला ठेवायचे, म्हणजे गोटी त्यांत अडकून राहते. उलटी धरलीत तर गोटी घरंगळत येते आणि तोंड बंद. मी पहिल्यांदा उलटीच धरली होती आणि सोडा येईना म्हणून रडकुंडीला आले होते.

ग्लासात आधी काळं मीठ आणि लिंबू, वरून सोडा. मीठ लागलं की फेस असा उसळायचा की अण्णा घाईने तोंड लावायचे, मिशीला फेस. एका दमात पाऊण ग्लास. मग ते थांबायचे. मीही थांबायची. गाडीवरची दोन-चार गिऱ्हाईकंही, मला वाटतं, थांबत असावीत. आणि मग तो यायचा. पोटाच्या तळातून निघालेला, लांबलचक, शेवटी वळण घेणारा ढेकर.

"पचलं," अण्णा म्हणायचे.

तळाचा घोटभर सोडा माझा. तो पिऊन मीही अण्णांसारखी छाती पुढे काढून ढेकर द्यायची. गाडीपाशी चालायचं ते. घरी चालायचं नाही. एकदा जेवताना सगळ्यांसमोर दिला तर आजीने उलथनं दाखवलं होतं. "मुलीच्या जातीला शोभतं का?" आमच्याकडे पुरुषाने ढेकर दिला तर स्वयंपाक चांगला झाल्याची ती पावती. बाईने दिला तर तिला वळण नाही. आजी आणि आई तर सगळ्यांची पंगत उठल्यावर जेवायच्या, रश्शात उरलेले दोन तुकडे आणि हाड. त्यांना सोड्याच्या गाडीपर्यंत कधी कोणी नेलं नाही. आईने सोडा प्यायल्याचं मला आठवत नाही. ढेकर दिल्याचंही.

आता शरीरशास्त्राच्या बाजूने बोलायचं तर अण्णांचा तो ढेकर म्हणजे शुद्ध फसवणूक होती. सोडा पिऊन जो गॅस वर येतो तो सोड्याचाच असतो. बाटलीत कोंबलेला, पोटात जाऊन सुटलेला, आल्या वाटेने परत निघालेला. मटण बिचारं खाली होतं तिथेच असतं, त्याचं पचन अजून जेमतेम सुरू झालेलं असतं. पोटात आपणच भरायचं आणि बाहेर आलं की पचलं म्हणायचं. मी अकाउंट्समध्ये नोकरी करते. आमच्या भाषेत याला उधारीची रक्कम जमेला दाखवणं म्हणतात.

पुण्याला आले, नोकरी लागली, लग्न झालं, मुलगी झाली, आणि या सगळ्यात गोटी सोड्याची जागा थम्स अपने घेतली. हे पेय १९७७ चं, माझ्याहून एका वर्षाने मोठं. कोका-कोला देश सोडून गेली त्या साली आलं आणि १९९३ मध्ये ती परतल्यावर तिच्याच घरात नांदायला गेलं. मला ते आवडायचं कारण ते झोंबायचं. शिवाजीनगरला ऑफिसच्या खाली टपरी होती. चार वाजले की आम्ही पाच-सहा जण उतरायचो. बाकीचे चहा, मी थम्स अप. आधी दोनशे मिलीची काचेची बाटली, मग तीनशे, मग सहाशेची प्लास्टिकची, कारण ती वर नेऊन साडेसहापर्यंत पुरवता यायची.

ऑपरेशनच्या आधी डाएटिशियन मॅडमनी रोजचं सगळं लिहून काढायला लावलं, तेव्हा मी या बाटलीचा हिशेब मांडला. सहाशे मिलीत साखर साधारण साठ ग्रॅम. बारा-तेरा चमचे. चहात कोणी तेवढी घालून दिली तर आपण कप पुढे सारू. वर्षाचे ३६५ दिवस धरले, रविवार-सुट्ट्या वजा केल्या नाहीत, कारण मी सुट्टीलाही पीत होते. बावीस किलो. वाण्याकडे बावीस किलो साखर एकदम मागितली तर तो विचारील, घरी कार्य आहे का. कार्य नव्हतं. मी चार वाजता खाली जात होते, इतकंच.

ऑपरेशनचा निर्णय कसा घेतला, ते फार लिहीत नाही. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, ४५ च्या घरात, साखर वाढलेली, गुडघे गेलेले, रात्री घोरताना श्वास अडकायचा म्हणून नवरा जागा राहायचा. डाएट, जिम, आयुर्वेद, उपास, सगळं करून झालं होतं. नातेवाइकांत अजूनही काही जण 'शॉर्टकट' म्हणतात. त्यांना मी पहिल्या महिन्यात एक वाटी डाळीचं पाणी प्यायला किती वेळ लागायचा ते सांगते. पंचावन्न मिनिटं.

एक गोष्ट मात्र खरंच नवलाची. भूक गेली. भूक लागल्याची वर्दी देणारं घ्रेलिन नावाचं संप्रेरक मुख्यतः जठराच्या वरच्या फुगीर भागात तयार होतं, आणि स्लीव्हमध्ये नेमका तोच भाग कापून काढतात. १९९९ साली जपानमध्ये या संप्रेरकाचा शोध लागला. त्याआधी लोकांना वाटायचं की भूक म्हणजे पोट रिकामं असणं. पहिले पाच-सहा महिने मला घड्याळ बघून खावं लागे. भूक नावाची बाई जणू माहेरी निघून गेली होती. तल्लफ मात्र घरातच होती, आणि सवत गेल्यावर जसा एखादीचा आवाज वाढावा तसा तिचा आवाज वाढला होता.

मराठीत या भानगडीसाठी शब्दांची काही कमी नाही. वखवख, हाव, चटक, जिभेचे चोचले, आणि फारच झालं तर भस्म्या. बहुतेक सगळे शिव्या वाटाव्यात असेच आहेत. एकटा डोहाळे हा शब्द लाडाचा, त्याच्यासाठी तर आपण झोपाळा सजवून जेवणावळ घालतो. पण तो नऊ महिन्यांपुरता, पोटात दुसरं कोणी असलं तरच. बाईला स्वतःसाठी काही खावंसं वाटलं तर तो हावरटपणा. तल्लफ हा शब्द मला त्यातल्या त्यात सभ्य वाटतो. तंबाखूवाल्यांकडून उसना घेतलेला असला तरी त्यात दोष लावलेला नाही. तल्लफ येते. पाऊस यावा तशी येते.

माझी यायची चार वाजता.

चौथ्या महिन्यात मामेभावाचं लग्न होतं, सोलापूरलाच. तोवर माझे चोवीस किलो उतरले होते. बायका मला ओळखत नव्हत्या आणि ओळख पटल्यावर गालाला हात लावत होत्या. जेवायला मी दोन घास पनीर घेतलं आणि ताट उचललं. हे आता अंगवळणी पडलं होतं. पोट भरलं की मला शिंक येते. काहींना उचकी लागते, काहींचं नाक गळतं. ऑपरेशन झालेल्यांत हे बरंच दिसतं. तृप्तीचा ढेकर गेला आणि त्याच्या जागी तृप्तीची शिंक आली, असं मी घरी म्हणते. तर शिंकून मी खुर्चीवर येऊन बसले, आणि समोर जिरा सोड्याचा काउंटर. गोट्यांच्या बाटल्या! हल्ली लग्नात त्या मुद्दाम ठेवतात, जुन्या आठवणी म्हणून. तो मुलगा खुंटीने नाही, प्लास्टिकच्या दट्ट्याने उघडत होता, पण आवाज तोच. फट्ट.

वहिनीने ग्लास आणून हातात दिला. "घ्या हो वन्सं, पचायला बरं."

मी आजही तिला दोष देत नाही. पचायला बरं हे तिने ऐकलेलं, मी ऐकलेलं, आपण सगळ्यांनीच ऐकलेलं. मी पहिला घोट जपून घेतला. काही झालं नाही. जिरं, काळं मीठ, ती झोंब, नाकात गेलेली वाफ. डोळ्यांत पाणी आलं आणि ते झोंबल्यामुळे आलं की कशामुळे, ते मी तपासलं नाही. मग अण्णांसारखे दोन मोठे घोट घेतले.

अर्ध्या मिनिटात छातीच्या मधोमध कोणीतरी मूठ घातली. कळ पाठीत गेली. वर येईल असं वाटत होतं, येत नव्हतं. खाली जाईल असं वाटत होतं, जात नव्हतं. घाम फुटला. हिशेब मी नंतर केला. अशा पेयात त्याच्या आकाराच्या साडेतीन-चार पट गॅस विरघळवलेला असतो. मोठे दोन-तीन घोट म्हणजे शंभर मिली, त्यातला निम्मा गॅस जरी आत सुटला तरी दीड-दोनशे मिली, आणि माझी नळी सगळी मिळून दीडशेची, तिच्यात पनीर आधीच बसलेलं. जुनं जठर असतं तर त्याचा वरचा फुगीर भाग फुग्यासारखा ताणला असता, हवा वर जमली असती आणि सावकाश ढेकर आला असता. अण्णांच्या ढेकराची ती खोली होती. माझी पाडून टाकलेली.

नवरीच्या खोलीत गाद्यांवर मला आडवं केलं. पण आडवं पडलं की जास्त दुखतं, म्हणून उभी राहून मी भिंतीला हात टेकून येरझाऱ्या घालत राहिले. मेकअपवाल्या मुली घाबरून बघत होत्या. आई दारात. तिने काही विचारलं नाही, नुसती पाठीवरून हात फिरवत राहिली, वरून खाली, मी तान्ही असताना फिरवत असेल तसा. वीसेक मिनिटांनी एक ढेकर आला. बारीक, तुटका, आंबट. आईने सुस्कारा सोडला आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "आला एकदाचा."

पुण्याला येऊन मी मॅडमकडे कबुलीजबाब दिला. त्या ओरडतील असं वाटलं होतं. त्यांनी विचारलं, "काय प्यावंसं वाटलं होतं नक्की? गोड, गार, जिरं की झोंबणं?" मला उत्तर देता येईना. मी उलट त्यांनाच धारेवर धरलं. सोड्याने पोट ताणून परत मोठं होतं, हे खरं का? त्या प्रामाणिक बाई आहेत. म्हणाल्या, सगळीकडे सांगतात, पण त्याला भक्कम पुरावा काही मी पाहिलेला नाही. तुम्हाला मनाई करायला त्याची गरजही नाही. नळी अरुंद म्हणजे आतला दाब जास्त, त्यामुळे स्लीव्हवाल्यांना आम्लपित्त आधीच छळतं. वरून गॅस, वरून आम्ल, कोलात कॅफीन. "आणि शुगर-फ्री?" गॅस तोच, आम्ल तेच, आणि जिभेची गोडाची खोडही तीच. मग त्यांनी खरी भीती सांगितली. या नळीत कोंबडीचा तुकडा अडतो, भाकरी अडते, डाळ-भात सावकाश जातो. पण पातळ गोड काहीच अडत नाही. सरबत, आइस्क्रीम, कोला. आणि तसंच चिवडा, शेव, चहात बुडवलेली बिस्किटं. तोंडात विरघळतात आणि सुळकन खाली. मी त्याला घसरगुंडीचं खाणं नाव दिलं आहे. दोन-तीन वर्षांनी ज्यांचं वजन परत चढतं त्यांच्यातले बरेच जण जेवणावर चढलेले नसतात, या घसरगुंडीवरून घसरलेले असतात.

बायपास झालेले, हृदयाचं नव्हे, वजनासाठी पोटाचं, एक काका मला फॉलो-अपच्या रांगेत भेटायचे. त्यांच्या आतड्याची जोडणीच वेगळी, त्यामुळे साखर थेट लहान आतड्यात उतरते. एका गुलाबजामने त्यांना धडधड, घाम, चक्कर. अर्धा तास आडवं पडावं लागायचं. "आमच्या पोटातच पोलीस बसवलाय," ते म्हणायचे. मला त्यांचा हेवा वाटायचा. माझ्याकडे पोलीस फक्त गॅसपुरता. गॅस काढून टाकला तर?

मग मी तोही उद्योग केला. एका शनिवारी, घरी कोणी नसताना, थम्स अप ग्लासात ओतलं, चिमूटभर मीठ टाकलं, फेस उसळू दिला, चमच्याने ढवळत बसले. मिठाच्या कणांवर बुडबुडे जमतात आणि गॅस भराभर सुटतो. अण्णांच्या मिशीला लागायचा तो फेस म्हणजे हेच. पंधरा मिनिटांत पाणी शांत झालं. एक चमचा तोंडात घेतला. काकवीचं पाणी! कळत नव्हतं की हे मी वीस वर्षं कशी पीत होते. गॅसची झोंब आणि बर्फाचा गारवा मिळून गोडाला झाकून ठेवतात, म्हणून तर एवढी साखर घातली तरी जीभ तक्रार करत नाही. झाकण काढल्यावर खाली नुसता पाक होता. बेसिनमध्ये ओतलं. माझ्या तल्लफेचं उत्तर निदान अर्धं मिळालं होतं. गोड नव्हे ते.

त्या रात्री मोबाइलवर शोधत बसले, झोंबणं म्हणजे काय. मला आजवर वाटत होतं की बुडबुडे जिभेवर फुटतात, त्यांची ती गंमत. तसं नाही. बुडबुडे होऊच नयेत इतक्या दाबाच्या खोलीत माणसांना बसवून सोडा पाजला, तरी तो तितकाच झोंबला. गॅस थुंकीत मिसळून सौम्य आम्ल तयार होतं आणि ते जिभेच्या-नाकाच्या आतल्या, दुखल्याची वर्दी देणाऱ्या नसांना जाऊन डिवचतं. म्हणजे सोड्याची मजा ही एक बारीकशी वेदना आहे. आणि पुढची ओळ वाचून मी अंथरुणात उठूनच बसले. हीच वर्दी देणारं नसेतलं हेच दार मोहरीनेही उघडतं.

फेसलेली मोहरी! काकडीच्या कोशिंबिरीत आजी घालायची. मोहरी वाटून, थोडं थोडं पाणी घालत, वाटीत चमच्याने फेटत राहायचं, पांढरट होऊन वास नाकात चढेपर्यंत. जास्त झाली की जेवताना सगळे एकदम कपाळाला हात लावायचे आणि आजी गालात हसायची. आता मला असंही वाटतं की सोड्याच्या गाडीवर जिला कोणी नेलं नाही तिने घरच्या घरी आपला सोडा शोधून काढला होता. हे अर्थात माझं कवित्व. आजी म्हणेल, कोशिंबीर आहे ती, कोशिंबिरीसारखी खा.

सात महिने झाले होते, तिखट-मसाल्याची परवानगी मिळालेली. पातळ ताक, काळं मीठ, भाजलेलं जिरं आणि हरभऱ्याएवढी फेसलेली मोहरी. पहिल्या घोटाला नाक झिणझिणलं, डोळ्यांत पाणी आलं, टाळू उघडल्यासारखी झाली. पोट गप्प. मी स्वयंपाकघरात एकटीच मोठ्याने हसले.

याने सगळं सुटलं असं मुळीच नाही. मोहरीचं ताक चार दिवस नवं वाटलं. पाचव्या दिवशी चार वाजले, मी स्टीलच्या बाटलीतून ते प्यायले, झोंबलं, आणि तल्लफ तशीच उभी. तेव्हा कुठे उरलेलं अर्धं उत्तर सापडायला लागलं. ऑपरेशन झाल्यापासून मी चार वाजता खाली जाणं सोडलं होतं. टपरीपाशी गेलं की मोह होईल म्हणून जागेवरच बसायची, व्हाउचर तपासत. म्हणजे पोट कापलं, बाटली गेली, आणि तिच्याबरोबर दिवसातली ती वीस मिनिटंही मीच कापून टाकली होती. साहेबांची नक्कल, कोणाच्या तरी मुलाचे मार्क, समोरच्या वडाखाली उगाच उभं राहणं. अण्णांचं तरी काय होतं? आठवड्याला एक सुट्टी, आणि तिच्यातली दहा मिनिटं गाडीपाशी. सोडा हे निमित्त.

दुसऱ्या दिवसापासून बाटली घेऊन खाली जायला लागले. टपरीवाल्याने पहिल्या दिवशी सवयीने थम्स अप उघडून पुढे केलं. "नाही," म्हटलं. त्याने ते शेजारच्याला दिलं. मी त्या बाटलीकडे बघत राहिले, खोटं कशाला बोलू. काचेवर थेंब जमून ओघळत होते. घड्याळ लावून पाहिलं आहे मी. तल्लफ साधारण पंधरा-सतरा मिनिटं अंगावर असते, मग कोणी काही बोलतं, आपण उत्तर देतो, आणि लक्षात येतं की गेली. रोज जाते असं नाही. मार्चअखेरीला, ऑडिटच्या दिवसांत, मी दोनदा हरले आहे. एकदा घोटभर, एकदा बाटलीभर. ती बाटलीभर मी गॅस काढून प्यायले, काकवी तर काकवी. ते मॅडमच्या वहीत लिहिलं आहे.

मध्यंतरी एक गंमत झाली. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटीचे दर बदलले आणि गोड गॅसवाली पेयं ४० टक्क्यांत जाऊन बसली. आधीही २८ आणि वर १२ सेस, म्हणजे बेरीज तीच. सिस्टममध्ये नवा दर भरताना शेजारचा म्हणाला, "मॅडम, तुमचं थम्स अप पानमसाल्याच्या पंगतीला बसवलं." तुमचं म्हणाला. तीन वर्षं झाली तरी.

यंदा जानेवारीत लेकीला घेऊन गड्डा यात्रेला गेले. ती आता अकरावीला आहे. पांढऱ्या बाराबंदीतले लोक, सिद्धेश्वराचे नंदीध्वज, होम मैदानावरचे पाळणे, हे सगळं तिने मोबाइलमधून पाहिलं आणि मग म्हणाली, "आई, गोटी सोडा." आईही बरोबर होती. आता पंचाहत्तरीची. तिला कठड्यावर टेकवलं आणि तीन ग्लास मागितले. आईने डोळे वटारले. "तुला नाही गं! आणि मला कशाला?"

"तुला म्हणूनच," म्हटलं.

लेकीने बाटली स्वतः उघडायचा हट्ट धरला. दोन दणके फुकट गेले, तिसऱ्याला फट्ट. तिनेही ती उलटीच धरली, गोटी तोंडाशी आली आणि ती बाटली हलवत बसली. मी तिच्या हातातली बाटली फिरवून दिली, खळगे खाली. मी माझ्या ग्लासातला घोट तोंडात धरून ठेवला, झोंबून झोंबून शांत होईस्तोवर, मग गिळला, आणि ग्लास लेकीच्या ग्लासात रिकामा केला. आई तिचा सोडा औषध घ्यावं तसा पीत होती. चार घोटांनंतर ती एकदम थांबली आणि पदर तोंडाशी नेला. खांदे जरासे हलले. आवाज काही आला नाही. पन्नास-साठ वर्षांची तालीम आहे ती.

लेकीला तसली तालीम नाही. तिचा आला तेव्हा पाळण्याच्या रांगेतली माणसंही वळली. लांबलचक, तळातून आलेला, शेवटी वळण घेणारा.

"अगं!" आई म्हणाली. "मुलीच्या जातीला शोभतं का?"

"आजी," ती ग्लास खाली ठेवत म्हणाली, "माझा नाही तो. सोड्याचा आहे."